पेटीवर नाव आहे, मग चेहरा कशाला?

देवगड तालुक्यातल्या एका बेचाळीस वर्षांच्या ताईंचं पत्र आहे. सासरची हापूसची बाग, दीडशेच्या आसपास कलमं. पूर्वी सगळा माल वाशीला दलालाकडे जायचा. चार वर्षांपासून त्या पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना थेट पेट्या पाठवतात. बाग यजमान बघतात. ऑर्डरी, पॅकिंग, पैसे, तक्रारी हे सगळं ताईंच्या फोनवर. जोडीला आंबापोळी आणि कोकम आगळ. गेल्या हंगामात त्यांनी टाकलेला अढीचा, म्हणजे पेंढ्यात पिकत घातलेल्या आंब्यांचा फोटो कुणीतरी उचलून आपल्या पानावर स्वतःची बाग म्हणून लावला. तेव्हापासून पुण्यातला पुतण्या मागे लागलाय, ‘काकू, तुझा चेहरा दिसू दे, पर्सनल ब्रँडिंगचं शूट करून घे.’ तिथल्या एका स्टुडिओनं ४० हजार रुपये सांगितले आहेत. अर्धा दिवस, तीन पोशाख, पंचवीस फोटो. नमुने पाठवले त्यांत सगळ्या बायका ब्लेझर घालून, हाताची घडी घालून उभ्या. ताई विचारतात, ‘माल चांगला असेल तर तोंड कशाला दाखवायचं? शिवाय बाग यजमानांची, मग फोटो त्यांचा हवा ना? ते तर कॅमेरा बघितला की पळतात. सासूबाई म्हणतात, घरातल्या सुनेचे फोटो जगभर कशाला. मी उन्हात रापलेली, फोटोत कधी बरी दिसत नाही. पुतण्या म्हणतो, मग एआयनं करून घेऊ, फुकटात होईल. ४० हजारांत माझे हंगामाचे पुठ्ठ्याचे बॉक्स येतात. काय करू?’

ताई,

आधी उत्तर देते, मग कारणं. ४० हजारांचं ते शूट करू नका. पण फोटो काढून घ्या, तो तुमचाच असू द्या, आणि तुमच्या बागेत, तुमच्या पडवीत, तुम्ही रोज जे काम करता ते करताना असू द्या. पुतण्याचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. चेहरा दिसायला हवा हे त्याला नेमकं कळलंय, फक्त कुठला चेहरा हे त्यानं दुसऱ्यांच्या नमुन्यांतून उचललं.

‘माल चांगला असेल तर तोंड कशाला’ या तुमच्या प्रश्नाचा मी बराच विचार केला. वाशीला माल जायचा तेव्हा हे अगदी खरं होतं. दलाल पेटी उघडायचा, फळ हातात घेऊन बघायचा, वास घ्यायचा, भाव ठरायचा. आता कोथरूडमध्ये बसलेली बाई तुम्हाला आधी पैसे पाठवते आणि तीनचार दिवसांनी पेटी उघडते. त्या मधल्या दिवसांत आंबा बोलू शकत नाही. पैसे पाठवताना तिच्यासमोर काय असतं? एक फोन नंबर, एक नाव, आणि पेटीचा एक फोटो, जो इतर शंभर जणांच्या पेटीच्या फोटोसारखाच दिसतो. माल बोलतो तो दुसऱ्या ऑर्डरीपासून. पहिली ऑर्डर यायची तर कुणीतरी माणूस समोर दिसावा लागतो.

तुमच्या धंद्यात तर हे जास्तच खरं आहे, कारण हापूसच्या नावावर काय काय विकलं जातं हे तुम्ही माझ्यापेक्षा जवळून बघता. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. तरी दर हंगामात कर्नाटकातला आंबा ‘देवगड’ छापलेल्या पेटीत भरून शहरात विकला जातोच. छापील पुठ्ठा कुणालाही मिळतो. तुमचा अढीचा फोटो उचलणाऱ्याला तो उचलता आला, कारण त्यात पेंढा आणि आंबे होते, माणूस नव्हता. तुम्ही त्या अढीत वाकून आंबे लावताना दिसला असता, तर तो फोटो त्याच्या काही कामाचा नव्हता. पुतण्याला हेच म्हणायचं होतं बहुतेक, त्याला ते नीट मांडता आलं नाही.

एक मात्र इथेच सांगून ठेवते. फोटो हा पुराव्याला पर्याय नाही. मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमची बाग नोंदलेली नसेल तर ते काम फोटोच्या आधी करा. ती नोंदणी दहा वर्षं चालते. देवगडात २०२५ च्या हंगामापासून फळावर युआयडी स्टिकर, म्हणजे प्रत्येकावर वेगळा क्रमांक असलेलं स्टिकर, लावायला सुरुवात झाली आहे, त्याचीही चौकशी करा. तुमचा चेहरा, नोंदणीचा क्रमांक आणि फळावरचं स्टिकर ही तिन्ही एकाच ठिकाणी दिसली की गिऱ्हाइकाचा निम्मा संशय फिटतो. नुसत्या हसऱ्या फोटोनं तो फिटत नाही आणि फिटूही नये.

आता ‘बाग यजमानांची, फोटो त्यांचा हवा ना’ याबद्दल. सातबाऱ्यावर कुणाचं नाव आहे हे मला माहीत नाही, आणि गिऱ्हाइकालाही नाही. गिऱ्हाइकाला एवढं माहीत आहे की फोन तुम्ही उचलता. पेटीत दोन फळं साक्याची, म्हणजे आतून खराब निघाली तर रात्री नऊ वाजता मेसेज तुम्हाला येतो, आणि ‘पुढच्या पेटीत दोन जास्त घालते’ असं तुम्हीच म्हणता. जो जबाबदारी घेतो त्याचा चेहरा दिसला पाहिजे, हा माझ्या लेखी यातला एकमेव नियम आहे. चार वर्षं हा धंदा तुम्ही चालवताय. पत्रात तुम्ही एकदाही ‘माझा धंदा’ असं लिहिलं नाही, ‘आमच्याकडचं’ असं लिहिलंय. घर म्हणून ते बरोबरच आहे. पण फोटोचा प्रश्न तुम्हाला अवघड वाटतोय त्याचं एक कारण या शब्दात आहे का, एवढं स्वतःशी तपासून बघा.

यजमानांना ओढून कॅमेऱ्यासमोर उभं करू नका. घाबरलेल्या माणसाचा फोटो घाबरलेलाच येतो. ते कलमावर चढून झेल्यानं, म्हणजे जाळीच्या काठीनं आंबा उतरवत असतील तेव्हा खालून, बाजूनं, त्यांना न थांबवता फोटो काढू द्या. त्यांनी कॅमेऱ्याकडे बघायची काहीच गरज नाही. समोर बघणारा फोटो तुमचा आणि कामात गढलेला त्यांचा, असे दोन शेजारी लावले की तुमच्या घरचं खरं चित्र उभं राहतं. कोण पिकवतं आणि कोण गिऱ्हाइकापर्यंत पोचवतं, दोन्ही कळतं.

ब्लेझरबद्दल. ब्लेझर वाईट नाही. बँकांना सल्ला देणाऱ्या, कंपन्यांत प्रशिक्षण देणाऱ्या बाईला तिचं गिऱ्हाईक ब्लेझरमध्येच भेटतं, मग तिच्या फोटोत तो असणं खरंच आहे. तुम्हाला मात्र गिऱ्हाईक ज्या दिवशी बागेत भेटायला येईल, त्या दिवशी फोटोतली बाई आणि समोरची बाई एकच असायला हवी. एमडीएच मसालेवाले धरमपाल गुलाटी आठवतात ना? सियालकोटहून फाळणीत दिल्लीला आले, सुरुवातीला टांगा चालवला, मग मसाल्याचं छोटं दुकान टाकलं. २०२० मध्ये सत्याण्णवाव्या वर्षी ते गेले. त्यांच्या मसाल्याच्या पाकिटांवर त्यांचा स्वतःचा चेहरा होता, जाहिरातीतही तेच असायचे, फेटा आणि मिशांसकट. भारतातल्या लाखो स्वयंपाकघरांत तो माणूस ओळखीचा झाला, तो जसा होता तसाच. एवढ्या मोठ्या धंद्याला जे चाललं ते दीडशे कलमांना नक्की चालेल.

‘मी उन्हात रापलेली, फोटोत कधी बरी दिसत नाही.’ हे वाक्य वाचून मला वाईट वाटलं, म्हणून त्यावर जरा थांबते. रापलेपण हा दोष नाही. हापूस विकत घेणाऱ्याला तर ती खात्रीच आहे की ही बाई बागेत असते. पण ‘फोटोत बरी दिसत नाही’ याला बहुतेक वेळा चेहरा जबाबदार नसतो, फोटो काढण्याची रीत असते. मोबाइलचा कॅमेरा विस्तृत भिंगाचा असतो. तो चेहऱ्याच्या दीड हातावर धरला की नाक मोठं दिसतं, कान मागे जातात, चेहरा फुगल्यासारखा होतो. सेल्फीत सगळ्यांचंच हे होतं. दुसरं म्हणजे ऊन. मार्च-एप्रिलमध्ये दहानंतर सूर्य डोक्यावर येतो. कपाळ चकाकतं, डोळ्यांखाली काळ्या खाचा पडतात, माणूस दहा वर्षांनी मोठा आणि दमलेला दिसतो. तुमचे फोटो बहुधा अशाच वेळी निघालेत, काम उरकून जरा मोकळं झाल्यावर, भर दुपारी.

झाडाखाली उभं राहिलं की भागेल असं वाटतं, पण तिथे पानांतून उन्हाचे कवडसे पडतात आणि चेहऱ्यावर पांढरे डाग उठतात. हिरव्या पानांचा रंगही कातडीवर उतरतो. तुमच्याकडे त्यापेक्षा फार चांगली जागा आहे, पडवी. पडवीच्या कडेला, सावलीत एक पाऊल आत, तोंड अंगणाकडे करून उभ्या राहा किंवा बसा. अंगणातला उजेड समोरून मऊ येतो, डोळे मिचकावे लागत नाहीत, मागची भिंत अंधारात जाते. स्टुडिओवाले दिवे आणि छत्र्या लावून जो उजेड तयार करतात तो कोकणातल्या घराला फुकट मिळालेला आहे. बागेतले फोटो सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर.

कोणी काढायचे? माझी सूचना आहे की दोन टप्प्यांत काम करा. रोजचे, कामाचे फोटो घरातच कुणीतरी काढू दे. घरात कॉलेजातलं पोर असेल तर उत्तम, नाहीतर पॅकिंगला येणाऱ्या मुलींपैकी एक. त्यांना चारच गोष्टी सांगा: मागचा कॅमेरा वापरायचा, काढण्याआधी भिंग सुती कापडानं पुसायचं, दोन पावलं मागे जाऊन दुप्पट झूमवर काढायचा, आणि कुठलाही फिल्टर लावायचा नाही. भिंग पुसण्याचं हसण्यावारी नेऊ नका. पेंढ्याची धूळ, आंब्याचा चीक, हाताचं तेल लागलेलं भिंग असलं की महागड्या फोनचाही फोटो धुरकट येतो.

फिल्टर नको, याचं तुमच्या धंद्यातलं एक खास कारण आहे. पिवळसर फिल्टरनं हिरवा आंबाही पिकलेला दिसतो. गिऱ्हाईक तो फोटो बघून पेटी मागवतं, प्रत्यक्षात तुम्ही पाठवता ते अर्धं कच्चं फळ, आणि पहिला फोन तक्रारीचा येतो. पेटीतून निघतं तसं हिरवं फळ एका फोटोत दाखवा, आणि तेच फळ घरात पेंढ्यात ठेवल्यावर चारपाच दिवसांनी कसं झालं ते दुसऱ्यात. या दोन फोटोंच्या मध्ये तुम्ही, हातात आंबा, देठाकडची बाजू दाखवून ‘पिकला हे कसं ओळखायचं’ हे सांगताना. हा एक फोटो तुमच्या किती फोनकॉलांचं काम करेल बघा.

दुसरा टप्पा व्यावसायिक छायाचित्रकाराचा, एका सकाळीपुरता. पुण्याला जायचं नाही. देवगड, कणकवली, मालवण भागात लग्नाचे फोटो काढणारे हुशार तरुण आहेत. एप्रिल-मे त्यांचा लग्नांत जातो आणि तुमचा काढणीत, म्हणून आत्ताच बोलून ठेवा. लग्नाच्या फोटोंची सवय असलेले लोक चेहरा घासून गुळगुळीत करतात. त्यांना आधीच निक्षून सांगा की सुरकुती, तीळ, रापलेपण काहीही पुसायचं नाही, फक्त उजेड आणि रंग बरोबर करायचे. त्यांचे जुने फोटो बघताना नवरा-नवरीचे बघू नका, स्वयंपाक्याचे, वाजंत्र्यांचे, कामात असलेल्या माणसांचे आहेत का ते विचारा. त्यावरून त्यांचा हात कळतो. पैशाचं म्हणाल तर पहिल्या वर्षी दहा-बारा हजारांच्या वर जाऊ नका, हे माझं मत. उरलेल्याचे बॉक्स घ्या.

त्या सकाळी काय काढायचं? एक फोटो अगदी साधा, छातीपर्यंतचा, सरळ कॅमेऱ्याकडे बघणारा. तो व्हॉट्सॲपच्या गोलात, बिलावर, पेटीतल्या चिठ्ठीवर, गूगलवरच्या नोंदीत, सगळीकडे एकच राहील. सगळीकडे एकच असणं महत्त्वाचं आहे, कारण ओळख त्यानंच पक्की होते. व्हॉट्सॲपवर तो फार लहान दिसतो, म्हणून मागे पसारा नको आणि चेहरा चौकटीत मोठा हवा. बाकीचे फोटो कामाचे. फळं निवडताना, चीक पुसताना, पेटीत डझन लावताना, पेटीवर गिऱ्हाइकाचं नाव लिहिताना, वही घेऊन हिशोबाला बसलेल्या. ही वही विसरू नका. धंदा तुमचा आहे हे सांगायला त्याहून चांगला फोटो मला सुचत नाही. सुरुवातीची पंधरावीस मिनिटं सगळेच अवघडलेले असतात, त्यामुळे पहिले फोटो वाया जाणार हे धरून चाला. तोवर खरंच पेट्या भरायला घ्या, मुलींशी बोलत राहा. हात कामात असले की चेहरा आपोआप सैल होतो.

कपडे तुमचेच, पॅकिंगच्या दिवशी घालता तेच, फक्त स्वच्छ. साडी असेल तर साडी, पंजाबी ड्रेस असेल तर ड्रेस. रंगाबद्दल तेवढं सांगते. हिरवा घातलात तर बागेत मिसळून जाल, पिवळा घातलात तर आंबे उठून दिसणार नाहीत, आणि पांढरा उन्हात फुटतो. निळा घ्या, गडद. केशरीच्या समोर निळा उभा केला की दोन्ही रंग खुलतात, फळ हातातून बाहेर आल्यासारखं दिसतं. बारीक रेघांचं कापड टाळा, कॅमेऱ्यात त्याच्या लाटा दिसतात.

हे सगळं एकाच दिवशी उरकू नका असं मी म्हणेन, आणि स्टुडिओचं पॅकेज नको म्हणण्याचं हे माझं सगळ्यात मोठं कारण आहे. पंचवीस फोटो एका दिवशी काढले की ते एका दिवसाचेच दिसतात. शहरातल्या माणसाला हापूस फक्त एप्रिल-मेमध्ये आठवतो, तुम्हाला तो बारा महिने असतो. थंडीत मोहोर येतो तेव्हा एक फोटो. तुडतुड्यांसाठी फवारणी चालू असेल तर त्याचाही, लपवू नका, काय आणि कशासाठी ते लिहा. मोहोर गळून कणी, म्हणजे बारीक फळं धरली की एक. अवकाळी पाऊस झाला आणि फळ गळालं तर तोही फोटो टाका, आणि यंदा पेट्या कमी असतील हे सांगा. जूनमध्ये झाडांना खत घालताना, पावसात भिजलेल्या कातळावर उभ्या असताना. वर्षभर तुम्हाला बघत आलेलं गिऱ्हाईक पाडव्याच्या आधी स्वतःहून विचारतं, ‘ताई, पेटी कधी?’ अक्षय्य तृतीयेच्या गर्दीत नवीन गिऱ्हाईक शोधत बसण्यापेक्षा हे कितीतरी सुखाचं.

पुतण्याच्या एआयच्या सूचनेला मात्र ठाम नाही म्हणा. प्रेमानं सांगा, पण नाही म्हणा. तुमचं सगळं भांडवल हे आहे की नकली मालाच्या बाजारात तुमच्याकडचं खरं आहे. तिथे यंत्रानं बनवलेला चेहरा लावलात, तर उद्या नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवलं तरी लोक त्याकडेही संशयानं बघतील. शिवाय ती यंत्रं आंबा म्हणून काहीही काढतात, लाल गालांची विलायती फळं, भलतीच पानं. कोकणातला शाळकरी मुलगाही ओळखेल की हे हापूसचं कलम नव्हे. पुतण्याच्या उत्साहाला दुसरं काम द्या. कॅटलॉग लावणं, फोटोंखालची माहिती नीट लिहिणं, आलेल्या प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ‘आमच्याबद्दल कुठून कळलं’ हे विचारून वहीत टिपणं. हंगामाच्या शेवटी ती टिपणं बघितलीत की फोटोंचा उपयोग झाला का हे अंदाजानं ठरवावं लागणार नाही.

सासूबाईंचं म्हणणं झटकून टाकू नका. त्यांच्या ‘कशाला’मध्ये दोन वेगळ्या भीती असू शकतात. एक, लोक काय म्हणतील. दुसरी, फोटोचा कुणी गैरवापर करेल. पहिलीचं उत्तर वेळ देतो. चार बाया नावं ठेवतील, पुढच्या वर्षी त्याच तुम्हाला विचारायला येतील. दुसरी भीती अगदी रास्त आहे आणि तिची काळजी घेतलीच पाहिजे. धंद्याचा नंबर वेगळा ठेवा, घरचा त्यात नको. फोटोत घराचा पत्ता कळेल अशी पाटी, गाडीचा नंबर, मुलांचे शाळेचे गणवेश येऊ देऊ नका. फोनच्या कॅमेऱ्यात ठिकाण नोंदवण्याची सोय असते, ती बंद करा. फोटोच्या कोपऱ्यात बागेचं नाव बारीक अक्षरात टाका, आणि फळांवरून जाईल असं टाका, म्हणजे कापून काढता येणार नाही. कुणी तुमचा फोटो लावून आंब्यासाठी आगाऊ पैसे उकळत असेल तर स्क्रीनशॉट घेऊन सायबर पोलिसांत तक्रार करा आणि फसलेल्या गिऱ्हाइकाला लगेच १९३० या क्रमांकावर फोन करायला सांगा. हे नियम सासूबाईंसमोर बसून ठरवा. कुठले फोटो जातील ते त्यांना आधी दाखवा. आंबापोळी त्या घालत असतील तर त्यांचे हात फोटोत यायला चालेल का, हेही विचारा. नाही म्हणाल्या तर विषय तिथेच संपवा.

तीच परवानगी बागेत कामाला येणाऱ्या माणसांचीही घ्यायची. कोकणातल्या किती बागा नेपाळहून येणारी माणसं राखतात आणि काढतात हे तुम्हाला माहीतच आहे. त्यांचा फोटो जाहिरातीत लावायचा तर त्यांना समजेल अशा भाषेत विचारा, आणि काढलेला फोटो त्यांनाही पाठवा. घरी दाखवायला त्यांनाही हवा असतो.

एवढं सगळं वाचूनही तुम्हाला मनापासून चेहरा दाखवायचा नसेल, तर दाखवू नका. तसा धंदाही चालतो. मग हात दाखवा, पेटीतल्या चिठ्ठीवर तुमचं अक्षर असू द्या, फोनवर तुमचा आवाज पाठवा. रोज सकाळी आजची काढणी कशी झाली हे अर्ध्या मिनिटात सांगणारा तुमचा आवाज गिऱ्हाइकाला तुमची ओळख करून देईलच. वेळ जास्त लागेल, एवढंच. ज्या वाचक मैत्रिणी घरातून शिवणकाम, डबे, शिकवण्या असं काही करतात आणि ज्यांना चेहरा दाखवण्याची खरीच अडचण आहे, त्यांनीही हाच रस्ता धरावा. जबाबदारी घेणारं माणूस ओळखता आलं पाहिजे; ते चेहऱ्यानं, आवाजानं की अक्षरानं, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

छायाचित्रकाराशी बोलताना एक गोष्ट कागदावर घ्या, कारण यात भलेभले फसतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तुम्ही पैसे देऊन स्वतःसाठी काढून घेतलेल्या फोटोचे पहिले मालक तुम्ही असता, दुसरा काही करार झालेला नसेल तर. म्हणजे पॅकेजच्या कागदावर बारीक अक्षरात ‘हक्क स्टुडिओकडे’ असं लिहिलेलं असेल आणि तुम्ही सही केलीत, तर पेटीवर स्वतःचाच फोटो छापायला तुम्हाला स्टुडिओची परवानगी घ्यावी लागेल. पुण्याच्या त्या पॅकेजचा कागद पुतण्याकडे असेल तर तो वाचून बघा, नमुना म्हणून. तुमच्या माणसाकडून तीन ओळी लिहून घ्या: फोटोंचे हक्क तुमचे, छपाईसह कुठेही वापरायची मुभा, आणि तुम्हाला न विचारता त्यानं ते स्वतःच्या जाहिरातीत वापरायचे नाहीत. फोटो व्हॉट्सॲपवर साधे पाठवलेले घेऊ नका, त्यात ते बारीक होतात आणि छापायला गेलं की फुटतात. मूळ फाइली पेनड्राइव्हवर घ्या, एक प्रत पुतण्याकडे ठेवा, आणि त्या मिळाल्यावरच उरलेले पैसे द्या.